आमचे ब्लाऊजवाले टेलरकाका, डोंबिवली पूर्व : ४ स्टार (लग्न परवावर आलं असेल तर वाचू नका)

दुकानाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. एक तर काकांना आहे तेवढंच काम झेपत नाही आणि दुसरं म्हणजे खाली त्यांच्या एकदोन करामतीही लिहिणार आहे, उगाच माणसाला नावानिशी कशाला चव्हाट्यावर आणा. स्टेशनपासून चालत जाता येतं, जुन्या बिल्डिंगचा तळमजला, बाजूला पिठाची गिरणी, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

दुकान म्हणजे काय तर दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल आणि टेबलाखाली पिशव्याच पिशव्या. काका मापं घेत नाहीत, मापं काकू घेतात, काका कापतात आणि शिवतात, हूक, काजं, हातशिलाई परत काकूंकडे. बिलावर तुमच्या कापडाचा नखाएवढा तुकडा कापून स्टेपल करतात त्यामुळे पिशव्यांची अदलाबदल होत नाही, हे मला फार आवडतं, कारण ठाण्याच्या एका चकाचक बुटिकमध्ये (नाव नको) कॉम्प्युटरवर एंट्री, मेसेजवर ऑर्डर नंबर, कोल्ड कॉफी, सगळं होतं आणि ब्लाऊज दुसऱ्याच बाईचा हातात दिला होता.

दर परवडणारे. साधा, अस्तराचा, कटोरी, प्रिन्सेस कट असे चढत्या भाजणीने. पॅडवाला वगैरे शिवतात पण त्यांचा त्यात जीव नाही, ते दिसतं, त्यासाठी दुसरीकडे जा.

आता खरं लिहायला बसले ते या दुकानाचे बाकीचे रिव्ह्यू वाचून. अहो काय एकेक! एकीने एक स्टार दिलाय कारण पायपिंग राणी कलरचं सांगितलं होतं आणि आलं ते ‘जरा जांभळट राणी’. दुसरीने लिहिलंय की मोबाईलवर फोटो दाखवला होता अगदी तस्साच गळा हवा होता, काकांनी ‘साधारण तसा’ केला. आणि एक ताई म्हणतात फिटिंग चुकलं, आणि खाली स्वतःच लिहितात की मापाचा ब्लाऊज दिला होता तो माझ्या साखरपुड्यातला. अगं बाई, साखरपुडा कधी झाला, आता मुलगा शाळेत जातो तुझा, ब्लाऊज साखरपुड्याच्या मापाचाच येणार ना!

तर माझी पैठणीची गोष्ट सांगते म्हणजे मुद्दा कळेल.

येवल्याची पैठणी, भाच्याच्या लग्नासाठी घेतलेली, काठाला मोर. ब्लाऊजपीस साडीलाच जोडून येतं, त्यात कापड मोजकंच असतं, आणि आमच्या पीसला मोठा काठ एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला बारीक पट्टी. मला दोन्ही बाह्यांना मोठाच काठ हवा होता. काकांनी दिला. ब्लाऊज घरी आणून घातला, आरशासमोर उभी राहिले आणि बघते तर डाव्या हातावरचे मोर पुढे चाललेत आणि उजव्या हातावरचे मोर मागे. लगेच पिशवी उचलून दुकानात. काका शांतपणे म्हणाले, “ताई, मोर मी नाय विणले.”

मग त्यांनी कागदाची पट्टी घेऊन दाखवलं. काठावर सगळे मोर एकाच दिशेला तोंड करून रांगेत असतात. त्याच काठातून दोन बाह्या कापल्या, एक या हाताला गुंडाळली, एक त्या हाताला, की एका रांगेची तोंडं समोर आणि दुसरीची पाठीमागे जाणारच. दोन्ही बाजूला सारखे मोठे काठ असते तर एक बाही या काठाची आणि एक त्या काठाची घेऊन जमलं असतं. एक बाही उलटी लावू का, म्हणाले, मग दोन्हीकडचे मोर पुढे बघतील पण एकीकडचे डोक्यावर चालतील. मला हसूच आलं. काकूंना तर ठसकाच लागला.

लग्नात कोणाला कळलं नाही असं काही झालं नाही हां. ननंदेला पहिल्या मिनिटाला दिसलं आणि तिने मोठ्यांदा सांगितलं पण. त्यावर आमच्या सासूबाई काय म्हणाल्या, “असू दे गं, एक मोर माहेरी निघालाय आणि एक सासरी परत येतोय.” तेव्हापासून घरात त्या ब्लाऊजचं नावच ‘माहेरचा ब्लाऊज’ पडलंय.

मला यात एक गंमत वाटते. पैठणीला २०१० मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हातमागाची पैठणी म्हणून आपण दुप्पट-तिप्पट पैसे मोजतो, काठ कुठे इकडेतिकडे झाला की दुकानदार म्हणतो ‘हीच तर हातमागाची खूण’ आणि आपण माना डोलावतो, शेजारणीला कौतुकाने दाखवतो सुद्धा. आणि त्याच साडीचा ब्लाऊज, तो पण हातानेच कापलेला, एका माणसाने मशीनवर बसून शिवलेला, तिथे मात्र दोन सूत इकडचं तिकडे झालं की आपण ग्राहक मंचात जायच्या गोष्टी करतो. विणकराचा हात चुकला की कला आणि टेलरचा चुकला की बिनडोक, असं कसं चालेल?

आणि आपलं शरीर तरी कुठे पट्टीने आखलंय. काकू माप घेताना मला म्हणाल्या, तुमचा उजवा खांदा उतरता आहे, पर्स कायम त्याच बाजूला अडकवता ना. मी म्हटलं असं कसं, तर त्यांनी टेप दोन्हीकडे लावून दाखवली. म्हणाल्या दोन्ही खांदे अगदी सारखे असलेली बाई क्वचितच येते, कोणाचा एक दंड जाड, कोणाची पाठ जरा गोल. म्हणजे जो ब्लाऊज टेबलावर ठेवल्यावर डावा-उजवा तंतोतंत सारखा दिसतो तो अंगावर वाकडा बसण्याची शक्यता जास्त. माझ्या ब्लाऊजला त्या उजव्या मुंढ्यात (बाही जोडतात तिथे) जरासं कमी करतात, घडी घातली की विचित्र दिसतो, अंगात घातला की छान. आता हे ज्याला माहीत नाही तो घडी बघूनच एक स्टार देणार.

माझी मुलगी सायकॉलॉजी करतेय, तिला हे सगळं सांगितलं तर तिने लेक्चरच दिलं. म्हणे हेविट आणि फ्लेट नावाच्या दोघांनी १९९१ साली परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले, एकात माणूस स्वतःकडून परफेक्ट असण्याची अपेक्षा करतो, एकात त्याला वाटतं की लोक माझ्याकडून करतायत, आणि तिसऱ्यात तो ती दुसऱ्यांकडून करतो. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, तू तिसरी.” मी म्हटलं, भांडी घासायची तुझी पाळी आहे आणि कुकरची रिंग नीट घास. तर ती म्हणाली, “बघ!”

पण खरं सांगू का, त्या तिसऱ्या प्रकाराचा त्रास समोरच्याला होतो तेवढाच आपल्यालाही होतो. बुटिकच्या काळात माझा प्रत्येक सण असाच जायचा. ब्लाऊज घरी आला की आधी उलटा करायचा, शिवणी बघायच्या, हूक मोजायचे, मग साडी नेसताना नवऱ्याने मागून निऱ्या धरल्या की त्या नीट धरल्या नाहीत म्हणून त्याच्यावर डाफरायचं, आणि फोटोत मी एकटीच तोंड पाडून उभी. निऱ्या धरणं हे त्या माणसाचं काम नाही, तो वाकून धरतोय हेच खूप आहे, त्याच्याकडून कांजीवरमच्या जाहिरातीसारख्या चुण्या येणार नाहीत. हे मी आता त्याला बोलून दाखवते तर तो म्हणतो, हे कौतुक आहे की टोमणा?

काकांच्या बाबतीत मी आता हिशोबच वेगळा लावलाय. काय धरायचं आणि काय सोडायचं ते आधी ठरवते. खांदा, मुंढा आणि बाहीचा घेर नीट बसलाच पाहिजे, त्यात तडजोड नाही, कारण हात वर करताना काखेत ओढलं तर अख्खं लग्न त्यातच जातं. आत एक इंच तरी माया, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, सोडलीच पाहिजे, कारण वजन काही गुढीपाडव्याला होतं तेच दिवाळीत राहत नाही. (इथे एक लक्षात ठेवा, घट्ट सिल्कवर जुन्या शिवणीची भोकं राहतात, त्यामुळे उसवून सैल केलं की ती रेघ दिसते, म्हणून सिल्कचा ब्लाऊज आधीच किंचित सैल घ्या, आत घेणं सोपं असतं.) आणि सुती अस्तर कापायच्या आधी पाण्यातून काढलंच पाहिजे. ते पहिल्या धुण्यात आटतं, वरचं सिंथेटिक कापड आटत नाही, मग आतून ओढ बसून सगळ्या शिवणी चुणतात. काका अस्तर भिजवून रात्रभर दोरीवर टाकतात, हे मी स्वतः पाहिलंय, आणि या एका गोष्टीसाठी माझ्याकडून अख्खा एक स्टार.

बाकी पायपिंगचा रंग, लटकनाचे मणी, शेवटचा हूक जरा तिरका, हे सोडलं. पदर असतो त्यावर.

तारखेचं मात्र वेगळंच नाटक आहे. काका दिलेल्या तारखेला ब्लाऊज देत नाहीत म्हणजे नाहीत. ते ‘शनिवारी घेऊन जा’ म्हणाले की सोमवार समजायचा, आणि लग्नसराईत तर बुधवार. मी सुरुवातीला भांडले, मग मी पण खोटी तारीख सांगायला लागले, कार्यक्रम वीसला असेल तर पंधराला आहे म्हणायचं. हे काही दिवस चाललं. एकदा काका बिल लिहिता लिहिता म्हणाले, “ताई, पंधरा म्हणजे तुमची वीस ना?” आता दोघांनाही माहीत आहे, तरी मी पंधरा म्हणते, ते पंधरा लिहितात आणि ब्लाऊज अठराला तयार असतो. सगळे खुश.

पण सोडून द्यायचं म्हणजे काहीही खपवून घ्यायचं असं नव्हे हां. गेल्या दिवाळीत इरकलच्या ब्लाऊजचा मागचा गळा त्यांनी सांगितल्यापेक्षा चांगला दीड इंच खोल कापला. दुसऱ्या कोणाचं माप बघून कापला, स्पष्ट दिसत होतं, बिलावर माझा आकडा लिहिलेला होता. तिथे मी अजिबात सोडलं नाही. आरडाओरडा केला नाही पण काउंटरवर बिल ठेवलं, ब्लाऊज ठेवला आणि टेप ठेवली. काका आधी म्हणाले आजकाल खोलच घालतात. मी म्हटलं घालत असतील, मी घालत नाही. मग काकूंनी मध्ये पडून पदराच्या उरलेल्या काठाची पट्टी लावून वर बोटनेक केला, शिलाई घेतली नाही. पट्टी लावलेली कळते का, तर हो, जवळून कळते. पाचवा स्टार तिथे गेला, आणि तो जाणं योग्यच आहे. माणूस चांगला आहे म्हणून दीड इंच माफ होत नाही, आणि दीड इंच चुकला म्हणून माणूस वाईट ठरत नाही, मी अजून तिथेच शिवते.

त्या फोटोवाल्या ताईंसाठी एक सांगायचं राहिलं. फोटोतल्या मॉडेलचा ब्लाऊज मागून पिना लावून आवळलेला असू शकतो, वर लाइट, वर एडिटिंग, आणि ती हात वर करून पूजेचं ताट धरणार नसते. काकांना फोटो दाखवा, जरूर दाखवा, पण त्यातलं नेमकं काय हवंय ते बोटाने दाखवून सांगा, गळ्याचा आकार हवाय की खोली हवीये की नुसती ती दोरी. ‘असाच’ म्हटलं की ते मान हलवतात आणि मग स्वतःच्या मनाने करतात. मनातलं ओळखायचे पैसे शिलाईत धरलेले नाहीत.

कामाचं : गुरुवारी बंद. दुपारी दीड ते चार काका जेवून झोपतात, शटर अर्धं असेल तरी वाजवू नका, काकू रागावतात. ऑनलाइन पेमेंट चालतं पण सुट्टे दिलेत तर चेहरा खुलतो. ट्रायलचा पडदा अपुरा आहे, सोबत कोणीतरी न्या धरायला. फॉल-पिको तिथेच होतं, फॉल मात्र स्वतः मॅच करून न्या, त्यांच्याकडचा ‘मोरपंखी’ हा कुठल्याही हिरव्या-निळ्याला चालतो असं त्यांचं मत आहे. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी शिवायचं असेल तर होळीच्या आधी टाका, आपल्या डोंबिवलीतूनच या यात्रा सुरू झाल्या त्यामुळे इथली निम्मी बायकामंडळी त्याच आठवड्यात ब्लाऊज घेऊन उभी असते. मापाचा ब्लाऊज या वर्षीचा न्या. आणि पैठणीचं पीस असेल तर काठ दोन्हीकडे सारखा आहे का ते साडी घेतानाच दुकानात उलगडून बघा, टेलरकडे गेल्यावर बघून काही उपयोग नाही.