बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबल, आठ महिने आणि 250 तासांनंतर

हा अनुभव एका प्राथमिक दर्जाच्या बेल्ट-ड्राइव्ह टर्नटेबलचा, म्हणजे पट्ट्याने फिरणाऱ्या रेकॉर्ड प्लेअरचा. आत फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारा भाग), मागे यूएसबी, टोनआर्मवर (सुई वाहणाऱ्या हातावर) ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम95ई कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला डबा. आवाज कसा आहे, हे पहिल्या आठवड्यात ठरवू नये. तेव्हा ऐकू येते ती बहुतेक चुकीची जोडणी असते.

आधी प्लॅटरवर (तबकडी ठेवायच्या फिरत्या थाळीवर) लेव्हल म्हणजे पाणसळ ठेवून यंत्र सपाट करावं. मग अँटीस्केटिंग (टोनआर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनचा ताण) शून्यावर ठेवून काउंटरवेट (टोनआर्ममागचं वजन) असं फिरवायचं की टोनआर्म अधांतरी तरंगेल. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणायची आणि 2 ग्रॅमपर्यंत वजन चढवायचं. या सुईला 1.8 ते 2.2 ग्रॅम चालतं. चकतीवर मात्र विसंबू नका. या यंत्रावर ती 2 दाखवत असताना डिजिटल वजनकाट्यावर 1.7 निघाले. वजन कमी ठेवलं की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, मोठ्या आवाजाच्या जागी उडते आणि भिंती ठोकत जाते. 1.7 पेक्षा 2.1 केव्हाही बरे.

खरी कसोटी तबकडीच्या आतल्या भागात लागते. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या गतीला बाहेरच्या कडेशी खाच सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. त्यामुळे तबकडीच्या एखाद्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फुटले की आधी जोडणी तपासावी. केंद्रापासून 66 आणि 121 मिलिमीटरवर खुणा असलेला प्रोट्रॅक्टर (सुई जुळवायची मापपट्टी) घ्या, कार्ट्रिजचे दोन्ही स्क्रू अर्धा वेढा ढिले करा आणि दोन्ही खुणांवर सुईची दांडी (टोक धरणारी बारीक काडी) रेषेत आणा. कार्ट्रिजचा डबा रेषेत आणून भागत नाही, दांडी त्यात किंचित तिरकी असू शकते. पहिल्या खेपेला तासभर जातो. पण तेवढ्याने आवाजात जो फरक पडला, तो केबल बदलून कधीच पडला नसता.

गतीची तक्रार तिसऱ्या महिन्यात सुरू झाली. यंत्र एक टक्का हळू चाललं तर सूर सुमारे 17 सेंट (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर) उतरतो. नुसतं ऐकताना कळेलच असं नाही, पण सोबत पेटी धरली की लगेच खुपतं. 50 हर्ट्झच्या विजेवरच्या साध्या बल्बखाली 180 रेषांची स्ट्रोब चकती ठेवली, तर गती बरोबर असताना रेषा स्थिर दिसतात. एलईडी दिव्यात त्या नीट दिसतीलच असं नाही, तिथे 3150 हर्ट्झच्या चाचणी स्वराची रेकॉर्ड आणि फोनवरचं मोजणारं अॅप वापरावं. इथे कारण क्षुल्लक होतं: बोटांचं तेल बेल्टला लागून तो पुलीवर घसरत होता. पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, बेल्ट कोमट पाण्याने धुऊन वाळवला, गती परत जागेवर.

घरघर येत असेल तर अर्थिंगची तार आधी बघा. आवाज घुमणारा आणि दबका येत असेल, तर बहुधा आतला प्रीअँप चालू आहे आणि पुढच्या अँप्लिफायरच्या फोनो इनपुटमध्येही जोडणी केली आहे. वाजवताना फोनो प्रीअँपमधली आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कोरताना मुद्दाम बदललेला समतोल परत आणणारी) 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वर उचलते आणि 20 किलोहर्ट्झला जवळजवळ तेवढंच खाली दाबते. ती दोनदा झाल्यावर संगीत चिखलात बसतं. दोन्हींपैकी एकच वापरा. यूएसबीवरून रेकॉर्डिंग करताना 24 बिट ठेवा आणि आवाजाची शिखरं उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एवढं पुरे.

सुईबद्दल उत्पादकाचा अंदाज असा: या कार्ट्रिजसारखी लंबवर्तुळाकार टोकाची सुई 300 तास, अधिक बारीक घडणीची मायक्रोलिनिअर 1000. एलपीला 40 मिनिटं धरली तर 300 तास म्हणजे 450 एलपी. याच कार्ट्रिजवर मायक्रोलिनिअर सुई थेट बसते, जोडणी पुन्हा करावी लागत नाही, त्यामुळे पुढची खरेदी तीच. 78 गतीच्या जुन्या तबकड्यांना एलपीची सुई लावू नये. ती खाचेच्या तळाशी रुतते. त्यांच्यासाठी जाड टोकाची वेगळी सुई मिळते. आणि त्या लाखेच्या असतील तर अल्कोहोल लावायचा नाही, लाख विरघळते.

आता नव्या संगीताच्या आणि तबकड्यांच्या शोधाबद्दल. ऐकून निवडायला स्ट्रीमिंग, नेमकी प्रत ठरवायला डिस्कॉग्स (रेकॉर्डच्या आवृत्त्यांची नोंद आणि खरेदी-विक्रीची वेबसाइट), अशी विभागणी केली की खर्च आवरतो. आवडलेल्या अल्बमच्या श्रेयनामावलीतून वादक किंवा ध्वनिमुद्रकाचं नाव घ्यावं आणि त्याचं बाकीचं काम शोधत जावं. अल्गोरिदम ऐकलेल्यासारखंच आणखी देतो, श्रेयनामावली भलतीकडे नेते आणि तेच हवं असतं. पण फोनवर ऐकलेला आवाज तबकडीवर मिळेल असं समजू नका. स्ट्रीमिंगवर बरेचदा नवं रीमास्टर (जुन्याच ध्वनिमुद्रणाचा नव्याने घडवलेला आवाज) असतं आणि नाव तेच राहतं.

म्हणून खरेदीआधी लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेली अक्षरं विक्रेत्याकडून फोटोत मागवावीत. एकाच अल्बमच्या डझनावारी आवृत्त्या असतात आणि मुखपृष्ठ सगळ्यांचं सारखं. त्या पट्ट्यावर ‘आरएल’ असेल तर कटिंग (खाचा कोरण्याचं काम) बहुधा मास्टरिंग अभियंता रॉबर्ट लुडविग यांचं, ‘स्टर्लिंग’ शिक्का असेल तर स्टर्लिंग साउंड या स्टुडिओचं. ‘180 ग्रॅम’च्या स्टिकरला भुलू नका, वजनाने मास्टरिंग सुधारत नाही. बाजू 22 मिनिटांपलीकडे ताणली असेल तर पातळी किंवा खर्ज कमी केलेला असण्याची शक्यता धरा. ‘व्हीजी प्लस’ (फार चांगल्याच्या थोडं वर) हा तबकडीच्या स्थितीचा शेरा बहुतेकदा नुसतं बघून दिलेला असतो. वाजवून दिलाय का, हे विचारावं.

नवी तबकडी आली की टोनआर्मकडे बघत एक बाजू ऐका. तो फेरीगणिक डावी-उजवीकडे झुलत असेल तर भोक केंद्रात नाही. अर्धा मिलिमीटर चूकसुद्धा आतल्या खाचांवर सुमारे 14 सेंटचं डोलणं आणते. पियानोचा लांबलेला स्वर असेल तर ते लगेच कळतं. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकलेली आहे. थोडं वाकणं टोनआर्म सांभाळून घेतो, डोलणारा स्वर मात्र कुठल्याही जोडणीने सुटत नाही. ती तबकडी परत करायची असते, आणि त्यासाठी पहिल्याच दिवशी ऐकलेली असावी लागते.