३२ सुयांचं मोज्यांचं मशीन : आठ महिन्यांनंतर, आणि चवड्याच्या त्या गाठीबद्दल

मागच्या महिन्यात माझ्या मशीनची एकोणिसावी सुई मोडली. टोकाचा आकडा तुटला आणि त्या जागी दर फेऱ्याला टाका सुटायला लागला. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला. उत्तर मिळालं, "सात दिवसांच्या आत कळवायचं होतं. सुटी सुई येत नाही, मशीन नवीन घ्या." एका प्लॅस्टिकच्या सुईसाठी नवीन मशीन! ४,३०० रुपये दिलेत मी. चार मेल केले, तुटलेल्या सुईचा फोटो पाठवला, टाका कुठे सुटतो त्याचा व्हिडिओही पाठवला. दर वेळी नवा माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून तीच कहाणी. शेवटी कोल्हापूरच्या एका ताईंनी त्यांच्या बंद पडलेल्या मशीनच्या सहा सुया कुरियरने पाठवल्या. त्यांचं हँडल गेलं होतं, सुया धडधाकट होत्या. पैसे घेतले नाहीत. मी खालचे स्क्रू काढून बूड उघडलं, मोडकी सुई ओढून काढली, नवी बसवली. अर्ध्या तासाचं काम. तेव्हा घेण्याआधी एकच विचारा, सुट्या सुया देता का? नाही म्हणाले तर तिथून उठा.

मशीन उघडलंच होतं, म्हणून आठ महिन्यांचं सगळं एकदा लिहून काढते.

मी हे घेतलं अण्णांसाठी, माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना अठरा वर्षं मधुमेह आहे. दुकानातल्या मोज्यांचं इलॅस्टिक संध्याकाळपर्यंत नडगीवर वळ उठवतं, आणि तो वळ रात्रभर जात नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वरून घट्ट नको आणि आत शिवण टोचायला नको. मला विणकाम येतं, आईने सातवीत असताना शिकवलं होतं, पण मोज्यांना रोज धुणं आलं, म्हणजे चार-पाच जोड हवेत. हातातल्या सुयांवर एक मोजा करायला मला आठवडा लागतो. हे मशीन नुसतं हँडल फिरवून नळी काढतं, म्हणून घेतलं.

सुया किती हव्यात ते आधी सांगते, कारण त्यात बऱ्याच जणी फसतात. भाचीकडे ४८ सुयांचं आहे. त्यातून जी नळी निघते तिची मोठ्या माणसाची टोपी होते, मोजा नाही. २२ सुयांची नळी मोठ्यांच्या पायाला अरुंद, ती बाळांच्या मोज्यांना ठीक. अण्णांच्या चवड्याचा घेर २४ सेंटिमीटर. ३२ सुयांवर माझी नळी साधारण तेवढीच निघते आणि ताणते. खुंट्यांचा लूमही माझ्याकडे होता. एकेक टाका आकड्याने उचलायचा, त्यात मनगट दुखायला लागलं आणि तो मी देऊन टाकला.

पहिल्या दिवशी मी खूश होते हे कबूल करते. पहिला फेरा सावकाश, दोरा एका सुईच्या पुढून, एकीच्या मागून. दुसऱ्या फेऱ्यापासून सगळ्यांच्या पुढून. मग फिरवत राहायचं. साठ फेरे दहा मिनिटांत झाले. शेवटी मशीनच्या कागदात लिहिल्याप्रमाणे सुटे ३२ टाके दाभणात ओवले, दोरा ओढला, तोंड चुण्या पडून बंद झालं, आतून गाठ मारली. अण्णांनी घातला आणि म्हणाले, "अगं, पायात काही आहे असं वाटतच नाही." मला केवढं बरं वाटलं. त्या आठवड्यात मी सहा जोड काढले आणि बहिणीला फोन करून सांगितलं, डोळे मिटून मशीन घे.

नोव्हेंबरात एका रात्री त्यांचे पाय पुसताना उजव्या करंगळीच्या बाजूला लाल डाग दिसला, मुगाच्या दाण्याएवढा. दाबलं तर त्यांना कळलं नाही. मोजा उलटा करून पाहिला. दोरा ओढून बंद केलेल्या तोंडाच्या चुण्या तिथे जमल्या होत्या आणि मधोमध माझी गाठ. मोजा पायात थोडा फिरला की ती गाठ अंगठ्यापुढून सरकून करंगळीशी येते. तुम्हाआम्हाला ती दोन पावलांत टोचली असती आणि आपण मोजा सरळ केला असता. अण्णांच्या बोटांना संवेदना कमी आहे. पायात काही आहे असं वाटतच नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं.

डाग चार दिवसांत गेला. सहाच्या सहा जोड मी त्याच रात्री चवड्याशी उसवले.

तेव्हापासून मी प्रत्येक मोजा आधी उलटा करून बोटाने चाचपते, दुकानातला असला तरी. मशीनच्या बाकीच्या उणिवांचं मला फारसं काही वाटत नाही. काउंटर कधीकधी फेरा गाळतो, मी कागदावर रेघा मारते. आवाज होतो, दुपारी फिरवते. पण चवडा दोरा ओढून बंद करा असं कागदात छापणाऱ्यांवर माझा राग आहे. टोपीचा शेंडा तसा बंद केला तर चालतो, डोक्याला कुणी बूट घालत नाही. मोज्याचं तोंड तसं बंद करायला सांगू नये, आणि म्हाताऱ्या माणसाच्या मोज्याचं तर नाहीच.

आता मी काय करते ते सांगते. नळी मशीनवर काढते, पण शेवटचे ३२ टाके बंद न करता चार सुयांवर घेते आणि चवडा हाताने विणते. दर एक फेरा सोडून दोन्ही बाजूंना मिळून चार टाके कमी. १६ उरले की आठ पुढच्या सुईवर, आठ मागच्या, आणि दाभणाने किचनर टाक्याने, म्हणजे शिवण न उठता दोन्ही सुयांवरचे टाके जोडणाऱ्या टाक्याने, जोडायचे. पुढच्या सुईवरचा पहिला टाका सुलट धरून काढायचा, दुसरा उलट धरून ठेवायचा. मागच्या सुईवर पहिला उलट धरून काढायचा, दुसरा सुलट धरून ठेवायचा. मी हे पुटपुटत करते, मध्ये कुणी बोललं की चुकतं. पण झालं की ती जोडाची ओळ विणीतलीच एक ओळ होते. आतून बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. दोऱ्याचं टोकही गाठ न मारता विणीत आतबाहेर ओवून जिरवायचं.

वरच्या काठाचंही तेच. मशीनला उलट टाका येत नाही, सगळी वीण सुलट, त्यामुळे काठ गुंडाळला जातो. तिथले टाके सुईवर घेऊन दोन सुलट दोन उलट अशी दहा ओळींची बॉर्डर हाताने, सैल. इलॅस्टिक न घालता ती पायावर टिकते आणि वळ उठत नाही. ज्या कामासाठी मशीन घेतलं ते हेच होतं आणि ते हाताने झालं.

टाच तर मशीनमध्ये नाहीच. नळी तशीच घातली तर घोट्यापुढे दुमडून वळकटी होते. म्हणून टाचेच्या जागी एक टाका कात्रीने कापायचा, अर्ध्या फेऱ्याचा दोरा उसवायचा, वरखाली मोकळे झालेले टाके सुयांवर घ्यायचे आणि चवड्यासारखीच टाच विणायची. चांगल्या विणीला कात्री लावताना पहिल्यांदा माझा हात थरथरला. शंभर वर्षांपूर्वीच्या लोखंडी मशीनवर टाचही फिरवूनच होत असे. अर्ध्या सुया वर उचलून ठेवायच्या, हँडल मागेपुढे करायचं, दर खेपेला एकेक सुई कामातून काढायची, मग एकेक परत घ्यायची. पहिल्या महायुद्धात इंग्लंड-कॅनडात घरोघरी बायकांनी अशा मशीनवर सैनिकांचे मोजे काढले. त्या मशीनच्या सुयांना आकडा मिटवणारी झडप असते, साठ-बहात्तर सुया असतात, वीण बारीक येते. आमच्या प्लॅस्टिकच्या सुईला नुसता आकडा. दोरा जरा सैल पडला की आकड्यात बसत नाही, जुना टाका निसटतो आणि सुटलेल्या टाक्यांची शिडी खाली उतरते. ते परत वर उचलायला क्रोशाची सुई हाताशी ठेवा.

लोकरीत मी पैसे घालवले. साधी अॅक्रिलिक स्वस्त आणि मशीनवर गुळगुळीत चालते, पण पाय घामेजतो. शुद्ध लोकरीचा एक जोड वॉशिंग मशीनमध्ये गेला आणि आकसून पुठ्ठ्यासारखा झाला. दख्खनी मेंढीच्या लोकरीचं हातसूत, ज्याची घोंगडी होते, ते नवऱ्यासाठी करून पाहिलं. जाडबारीक असल्यामुळे आकड्यांत अडकलं आणि अंगाला टोचलं. ते घोंगडीलाच शोभतं. मोज्यांना ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन हेच खरं. लोकर घाम शोषते, नायलॉनमुळे टाच झिजत नाही. महाग आहे, पण जोड टिकतो.

आणि इथे माझं मत पुन्हा बदललं. मशीनवर दहा सेंटिमीटरला जेमतेम तेरा टाके बसतात, म्हणजे मोजा जाड. जाड मोजा घालून अण्णांचे डॉक्टरांनी दिलेले सँडल घट्ट होतात, आणि घट्ट सँडल त्यांना चालत नाहीत. नुसत्या मोज्यांवर मी त्यांना फरशीवर चालू देत नाही, घसरतात. मग मशीनचे मोजे फक्त झोपताना. दिवसाचे मी हाताने, १२ नंबरच्या बारीक सुयांवर साठ टाक्यांचे विणायला घेतलेत. बारीक वीण, सँडलमध्ये नीट बसते. दोन जोड झाले.

बहिणीला परत फोन केला आणि सांगितलं, घेऊ नकोस. तिच्या घरी कुणाला गरज नाही, आणि तिला हाताने चवडा विणता येत नाही. ज्यांना येतो, आणि नडगीची कंटाळवाणी वीतभर वीण ज्यांना पटकन उरकायची आहे, त्यांनी घ्यावं. माझं कपाटावर गेलेलं नाही. थंडीत झोपायचे मोजे मी त्यावरच काढणार, आणि कोल्हापूरच्या ताईंच्या पाच सुया डबीत शिल्लक आहेत.

तिसऱ्या जोडाचा डावा मोजा आत्ता सुयांवर आहे. टाच झाली, चवड्याला अजून अकरा ओळी. अण्णा रोज रात्री जेवल्यावर पाय पुढे करतात, मी बोटं एकेक करून बघते. काल काही नव्हतं.