पुनर्जन्म, प्रेम आणि घरदार: कोरियन मालिका घ्यावी की चिनी?

कोरियन आणि चिनी, दोन्हीकडच्या ऑनलाइन कादंबरी-मालिकांत नायिका मरते, पुन्हा डोळे उघडते आणि या खेपेला घर नीट सांभाळायचं ठरवते. मुखपृष्ठं सारखी, मलपृष्ठावरचा मजकूरही सारखाच. फरक पडतो तो घर कोणाचं यावर. कोरियन कथेत ते माहेर असतं, चिनीत बहुतेकदा सासर. निवडताना आधी हे बघा, नायक देखणा आहे का ते नंतर.

कोरियन 'युगामुल', म्हणजे बालसंगोपनाच्या कथा, यांचा साचा ठरलेला. नायिका तान्ही किंवा चार-पाच वर्षांची होऊन जागी होते. बाप उत्तरेकडचा थंड काळजाचा ड्यूक, सोबत एखाद-दुसरा तुसडा भाऊ. बोबडं बोलून, खाऊ मागून ती बापाला विरघळवते, आणि हे वाचायला खरंच मजा येते. खोट अशी की प्रणयाला जागा उरत नाही. नायक बालमित्र म्हणून डोकावतो, मग कथा काही वर्षं पुढे उडी मारते, आणि लग्न-मुलंबाळं पुष्कळदा मूळ कथा संपल्यावरच्या पुरवणी प्रकरणांत येतात. त्या उडीआधीच नायकाशी प्रेमाची लाडीगोडी सुरू झाली असेल, तर पुस्तक खाली ठेवलेलं बरं. मोठ्या बाईचं मन आणि पोरीचं शरीर हा घोळ तिथे खटकतो.

चिनी बाजूला 'न्येनताई-वन', म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कथा, घरगुती वाचनासाठी जास्त भरीव. नायिका डोळे उघडते ती 1975-76 च्या खेड्यात. धान्य आणि कापड कुपनावर, लग्नात सायकल, घड्याळ, शिवणयंत्र आणि रेडिओ आले तर गावभर चर्चा. 1966 नंतर बंद पडलेली विद्यापीठ प्रवेश परीक्षा 1977 च्या डिसेंबरात पुन्हा होणार हे तिला आधीच ठाऊक असतं. म्हणून ती भंगारातून जुनी पाठ्यपुस्तकं उचलून आणते, आणि जावा हसतात. नवरा आधीच पदरी पडलेला. प्रेम लग्नानंतर, एकेका छोट्या गोष्टीतून जुळतं.

पण खरी रंगत वाटण्यांची. एका चुलीवर जेवणारं घर, सासूचा लाडका धाकटा, उकडलेलं अंडं कोणाच्या ताटात पडलं यावरून धुसफूस, आणि मग एके दिवशी पंचांसमोर कढई, कोंबड्या, धान्य मोजून वेगळं होणं. हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही.

इथेही दोन दुखणी आहेत. पहिलं, हावरट नातेवाईक: एक काकू हरली की दुसरी हजर. चिनी संकेतस्थळांवर सशुल्क प्रकरणांचे पैसे हजार अक्षरांमागे आकारतात, त्यामुळे भांडणं ताणली जातात. (कोरियन मालिका भागावर विकतात, साधारण 100 वॉनला एक, म्हणून तिथे प्रत्येक भाग ऐन मोक्याच्या जागी तुटतो.) दुसरं, जादूचं कोठार. नायिकेकडे मनात आणताच उघडणारी, कधीही न संपणारी साठवणीची जागा असली की कुपनांची सगळी चणचण फुकट जाते. कोठार लहान किंवा मर्यादित असलेली कथाच घ्या.

जपानी मालिका तिसरा पर्याय. पुस्तकं छोटी, मोडलेली सोयरीक पहिल्याच प्रकरणात, प्रणय लवकर. मात्र घरची माणसं बहुतेकदा पार्श्वभूमीलाच. कुटुंबासाठी वाचणार असाल तर सोडून द्या.

कथा हलकीफुलकी राहील का, हे नायिका परत कशी येते यावरून बरंचसं कळतं. कोरियन वाचक तीन प्रकार मानतात. 'होएग्वी', म्हणजे आपल्याच आयुष्यात मागे जाणं: मागचा अन्याय सोबत येतो, त्यामुळे सूडाचा कडवटपणा आलाच. 'ह्वानसेंग', म्हणजे नवा जन्म: सगळ्यात निवांत. 'बिंगुई', म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात, बहुधा वाचलेल्या कादंबरीतल्या पात्रात शिरणं: विनोदाला सगळ्यात वाव. चिनी 'छोंगशंग' हा पहिल्या प्रकारातला, 'छुआनशू' तिसऱ्यातला.

सुरू करण्याआधी वाचकांचे अभिप्राय चाळा. कोरियन वाचक घशात अडकणाऱ्या, कोंडमारा करणाऱ्या कथानकाला 'रताळं' म्हणतात आणि झटपट निकाल लावणाऱ्याला 'साइडर', म्हणजे तिकडचा गोड सोडा. रताळ्याची तक्रार वारंवार दिसली तर हलकंफुलकं काही मिळणार नाही. चिनी कथेवर 'वन व्ही वन' अशी खूण असेल तर जोडी एकच, सवती नाहीत. राजवाड्याच्या पार्श्वभूमीवर ही खूण हवीच.

शेवटी भाषांतर. इंग्रजी भाषांतर पूर्ण झालंय का ते आधी तपासा, हौशी भाषांतरं अर्ध्यावर सुटतात. यंत्राने केलेलं असेल तर 'तो' आणि 'ती'ची अदलाबदल होते, नावांचे शब्दशः अर्थ छापले जातात. कोरियन कथेत पात्रं थोडी, तिथे निभावतं. चिनी एकत्र कुटुंबात थोरली काकू, दुसरी काकू, आतेभाऊ, मामेभाऊ यांचा चिखल होतो, म्हणून तिथे पहिल्या दहा प्रकरणांतच नात्यांचा तक्ता कागदावर काढून ठेवा.