इंग्लिश वाक्प्रचारांच्या उगमाचं पुस्तक: अर्थ झकास, गोष्टी तपासून घ्या (5 पैकी 3 स्टार)

भाचीच्या बँक परीक्षेसाठी ऑनलाइन मागवलं आणि तिच्या हातात पडायच्या आधी मीच वाचून काढलं. अर्थ एकदम सोपे दिलेत, सोबत वापरायची वाक्यंही आहेत, त्या भागाला नावं ठेवायला जागा नाही. खरी मजा उगमात आहे आणि घोळही तिथेच आहे.

जिथे कागदोपत्री पुरावा आहे तिथे पुस्तक जबरदस्त. 'रीड द रायट अ‍ॅक्ट' म्हणजे कुणाला तरी चांगलंच झापणं, पण हा खरोखरचा कायदा होता, ब्रिटनमध्ये 1715 पासून लागू. बारा किंवा जास्त लोक दंगा करायला जमले की मॅजिस्ट्रेटने राजाच्या नावाने जाहीरनामा मोठ्याने वाचायचा आणि मग तासाभरात जे पांगले नाहीत त्यांना थेट फाशीपर्यंत शिक्षा! हे पान मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

पण 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणजे धो धो पाऊस, त्याला तीच गवताच्या छपरावरून घसरणाऱ्या कुत्र्या-मांजरांची गोष्ट, जी 1999 च्या सुमाराला ईमेलवरून जगभर फिरत होती आणि जिला काहीही आधार नाही. 'सेव्ह्ड बाय द बेल' म्हणजे अगदी शेवटच्या क्षणी सुटका, त्याला चुकून जिवंत पुरलेल्या माणसाने वाजवायची शवपेटीतली घंटा चिकटवलीय, अहो तो सरळसरळ बॉक्सिंगमधला शब्द आहे, राउंड संपल्याची घंटा वाजली आणि मार खाणारा वाचला.

सगळ्यात खटकलं ते 'द होल नाइन यार्ड्स', म्हणजे 'सगळंच्या सगळं'. पुस्तक ठामपणे सांगतं की दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा नऊ यार्ड असायचा, पट्टा संपेपर्यंत गोळ्या झाडल्या की झालं होल नाइन यार्ड्स. ऐकायला भारी वाटतं, पण शोधणाऱ्यांना अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या 1912 च्या पेपरात 'होल सिक्स यार्ड्स' सापडलंय! म्हणजे महायुद्धाच्या कितीतरी आधी, आणि तेही सहाच यार्ड, मग पट्ट्याचा संबंध कुठे राहिला? उगम नक्की माहीत नाही असं लिहिलं असतं तर पुस्तकाबद्दल आदरच वाटला असता. मुलं हे पाठ करतात आणि पुढे दुसऱ्यांना शिकवतात म्हणून जीव तुटतो.

कागद आणि छपाई ठीक. परीक्षेपुरते अर्थ हवे असतील तर बिनधास्त घ्या. उगमासाठी घेणार असाल तर ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचा, तिथे प्रत्येक प्रयोगाला साल आणि छापील उदाहरण असतं. पुढच्या आवृत्तीत प्रकाशकांनी निदान सालं टाकावीत, आणि हो, मागे सूची पण द्या, एक वाक्प्रचार शोधायला अख्खं पुस्तक चाळावं लागतं.