कानाने वाचायचं की बोटाने?

दिसत नसेल तर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर घ्यावा, की तोच मजकूर बोटाखाली उठावाच्या ठिपक्यांत उमटवणारा ब्रेल डिस्प्ले, हा प्रश्न बहुतेकांच्या बाबतीत पैशानेच सुटतो. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर २००९ पासून आहे, अँड्रॉइडवर टॉकबॅक. ब्रेल डिस्प्लेत मात्र प्रत्येक ठिपका वर-खाली करायला वेगळी यंत्रणा लागते. एका सेलमध्ये, म्हणजे एका ब्रेल अक्षराच्या जागेत, सहसा ८ ठिपके आणि ओळीत असे २० किंवा ४० सेल. किंमत चढते ती इथेच.

वेगात कान जिंकतो. सराव झाला की नेहमीच्या बोलण्याच्या दुपटीहून जास्त वेगाने ऐकता येतं. बातम्या, लांबलचक लेख, मेसेज यांना आवाजच बरा.

पण 'दिन' आणि 'दीन' ऐकून बघा. आवाजात फरक जवळजवळ नाहीच. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेल लिपीत, इ म्हणजे २-४ या क्रमांकांचे ठिपके आणि ई म्हणजे ३-५, बोटाखाली दोन्ही वेगळे लागतात. शाळकरी मूल नुसतं ऐकून शिकलं तर ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं त्याला भेटणार कुठे? गणितातला कंस कुठे बंद झाला, हेही बोटाने मागे जाऊन पटकन तपासता येतं. म्हणून मुलांसाठी माझं मत ठाम आहे: आवाज द्याच, पण ब्रेल पुढे ढकलू नका. ऐकूही येत नसेल, तर प्रश्नच उरत नाही. तिथे ब्रेल हाच रस्ता.

उतारवयात किंवा मधुमेहामुळे दृष्टी गेली असेल तर आधी बोटांची संवेदना तपासून घ्या. मधुमेहात तीही कमी होऊ शकते, आणि मग महागडं यंत्र पडून राहतं. थोडी नजर शिल्लक असेल तर अक्षर मोठं करता येतं, पण खूप मोठं केलं की पडद्यावर दोन-चार शब्दच मावतात आणि डोळे शिणतात. मोठं अक्षर आणि सोबत आवाज, ही जोडी इथे चांगली चालते.

आलेखांचं थोडं वेगळं आहे. आलेख आवाजात ऐकवला आणि रेषेबरोबर स्वर चढत-उतरत गेला की कल कानाला लगेच कळतो. नेमका बिंदू कुठे, हे मात्र उठावाच्या चित्रावरच सापडतं. मोनार्कसारख्या अनेक ओळींच्या ब्रेल यंत्रात ३२ सेलच्या १० ओळी आहेत, त्यावर आकृतीही उमटते.

डिस्प्ले घेण्याआधी स्वतःच्या फोनला जोडून मराठी मजकूर वाचून बघा, जोडाक्षरांसकट. सध्या परवडत नसेल तर ब्रेल पाटी, टोचणी आणि जाड कागद घेऊन लिपी आजच सुरू करता येते.