बेडरूममधला फिशटँक: एअर पंप, आतला फिल्टर, हँग-ऑन की कॅनिस्टर?

दोन फुटी टँक (२४ × १२ × १५ इंच, साधारण ६५ लिटर) झोपायच्या खोलीत ठेवायचा, तर आवाजाचा विचार माशांच्या आधी करा. सोलापुरात त्यात दोन गोष्टींची भर पडते: बोअरचं जड पाणी आणि एप्रिल-मेचं ऊन.

एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलकी. पंपातला रबरी पडदा सतत थरथरतो आणि ती घरघर पंपापेक्षा खालच्या फळीतून जास्त ऐकू येते. म्हणून पंप प्लायवूडवर नको. दोरीने टांगा, नाहीतर जाड फोमवर ठेवा. बुडबुडे जास्त वाटले की लोक नळीवरची चावी आवळतात. त्याने उलटा दाब पंपावर येतो, आवाज चढतो आणि पडदा लवकर फाटतो. त्यापेक्षा नळीत टी (तीन तोंडांचा जोड) बसवून जादा हवा बाहेर सोडा. एअर स्टोनची (नळीच्या टोकाच्या, बुडबुडे काढणाऱ्या दगडाची) भोकं क्षाराने बुजली तरी हाच दाब वाढतो, म्हणून स्टोन दर दोन-तीन महिन्यांनी बदला. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच. नाहीतर लाईट गेली की टँकचं पाणी नळीतून पंपात उतरतं.

आतला पॉवर फिल्टर बुडालेलाच असतो, त्यामुळे मोटर जवळपास ऐकू येत नाही. आवाज आलाच तर आधी सक्शन कप बघा: रबर कडक झालं की फिल्टर काचेला टेकून गुणगुणतो. नवे कप काही रुपयांत मिळतात. मग इम्पेलर (मोटरचा पाणी ढकलणारा छोटा पंखा) काढून व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने घासा. तरीही खडखड राहिली तर इम्पेलरची दांडी झिजली किंवा मोडली असेल. ‘फुर्र’ असा आवाज बहुधा हवा ओढणाऱ्या नळीचा. ती बंद केली की थांबतो. दोष एकच, मोटरची उष्णता थेट पाण्यात जाते. उन्हाळ्यात ते परवडत नाही, म्हणून कमी वॅटचा घ्या.

हँग-ऑन, म्हणजे टँकच्या काठावर टांगायचा फिल्टर, पातळी काठोकाठ असेपर्यंत शांत. पाणी दोन सेंटीमीटर उतरलं की धार वरून पडते आणि रात्रभर नळ चालू असल्यासारखं वाटतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी उडून पातळी पटकन खाली येते, आणि नळाला पाणी रोज नसतं. भर आरओच्या पाण्याची घाला. बोअरचं घातलंत तर पाणी उडतं, क्षार मागे राहतात आणि इम्पेलरवर जमतात. ही उठाठेव रोज जमणार नसेल, तर हँग-ऑन नकोच.

कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, महाग, पण कपाटात बंद राहतो, म्हणून झोपेच्या दृष्टीने सगळ्यांत सरस. साफसफाईनंतर गडगड येते ती आत अडकलेल्या हवेची. डबा हळूहळू सगळ्या बाजूंनी तिरपा करा, हवा निघून जाईल. दोन दिवसांनीही थांबली नाही, तर ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) सिलिकॉन ग्रीस लावा आणि पाणी ओढणाऱ्या नळीचे जोड तपासा. प्रवाह कमी करायचा तर फक्त बाहेर जाणाऱ्या नळीची चावी फिरवा. आत येणारी आवळली की मोटर उपाशी राहते आणि आवाज करते.

एक पेच मात्र उरतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि पृष्ठभाग जितका शांत तितकी हवा कमी मिसळते. म्हणून कॅनिस्टरचा स्प्रे बार (पाणी परत सोडणारी भोकांची आडवी नळी) पाण्याच्या पृष्ठभागाच्या अगदी जरा खाली, किंचित वर वळवून लावा: लाटा दिसाव्यात, पण धार पडू नये. मे महिन्यात मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर रात्रीही एअर पंप चालवावा लागेल. निदान तो टांगलेला तरी असू द्या.

संप (टँकखाली ठेवायची, फिल्टरची वेगळी टाकी) लावायचा विचार असेल तर दोन फुटीसाठी तो व्यापच आहे. तरीही लावलात, तर पाणी उतरणाऱ्या दोन वेगळ्या पाइपा ठेवा: एक गेट व्हॉल्व्हने पूर्ण भरून वाहणारी, दुसरी आपत्कालीन, कोरडी. भरलेल्या पाइपेत हवा शिरत नाही, म्हणून ती गुरगुरत नाही. बॉल व्हॉल्व्हने इतकं बारीक जुळवणं जमत नाही.