रोजचा वर्ग घरी कसा पोचवायचा: ग्रुप की वही?

ऐरोलीत दुसरीला शिकवते. आज वर्गात काय झालं हे पालकांना कळवायला माझ्याकडे दोन वाटा आहेत: व्हॉट्सॲप ग्रुप आणि मुलांची रोजची वही.

ग्रुपला वेग आहे. दहा-दहा काड्यांच्या गठ्ठ्यांनी हातच्याची वजाबाकी चाललेली असते, तो फोटो लोकलमध्ये उभी असलेली आईसुद्धा पाहते. पण उत्तर काय येतं? अंगठा. आणि वीस अंगठ्यांखाली, 'उद्या गणवेश कोणता?' शिवाय मुलांचे चेहरे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्यांना मूल मानलंय आणि पालकांच्या संमतीवर भर दिलाय. मी तर आता फक्त हात आणि काड्याच टिपते.

वही संथ. शेवटच्या दहा मिनिटांत मूल स्वतः लिहितं: "५२ मधून १७ काढले. एक गठ्ठा सोडला." ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, चालतं. घरी आजी विचारते, "गठ्ठा कशाला सोडलास रे?" की स्वारी पुन्हा सगळं समजावून सांगते. ग्रुपवर हे होत नाही. वही हरवते, पावसात भिजते, रात्रपाळीच्या बाबांना दिसत नाही, हेही खरं.

म्हणून वही रोज, फोटो फक्त शुक्रवारी. गणवेशासाठी वेगळा ग्रुप काढून दिलाय.